पवित्रा बदलायचा कधी?

मी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचे नियम लिहितो. चार-पाच जण कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात, एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. त्या पात्रांना लढताना काय करता येईल आणि त्याची किंमत काय, हे ठरवणं माझं काम. गेल्या पावसाळ्यात परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकासाठी मी ‘पट्टेकरी’ नावाचा क्लास, म्हणजे दांडपट्टा चालवणाऱ्या पात्राचा प्रकार, करत होतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आले, म्हणजे श्रेय देऊन ते कुणालाही वापरता येतात. तो परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे त्या नियमांवर आपला क्लास निर्धास्तपणे रचता येतो. प्रकाशकाला या क्लाससाठी पाच ‘स्टान्स’ हवे होते, तेही सोमवारपर्यंत.

स्टान्सला मराठी शब्द शोधावा लागला नाही. पवित्रा. तालमीतून निघून हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यापर्यंत पोचलाय, पण मूळचा तो पायांचा शब्द आहे.

पाचही पवित्रे मी आठवडाभर बसून आखले होते. त्यातला ‘बैठा’ मला सगळ्यांत आवडायचा: गुडघे वाकवून खाली बसायचं, आर्मर क्लास (वार लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) दोनने वाढतो. पवित्रा बदलायचा तर बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीत मिळणारी एक जास्तीची छोटी कृती, खर्च करायची. कागदावर सगळं जुळत होतं. समोरच्याचा वार तुम्हाला लागायला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त पडावे लागत असतील, तर त्याचे ५० टक्के वार लागतात. दोनने वाढवल्यावर ४० टक्के. लागणाऱ्या पाचांतला एक वार गेला. दोन हा आकडा मला माफक वाटला होता.

रविवारी दुपारी आम्ही पाच जण माझ्या घरी खेळायला बसलो. पट्टेकरी भाचीकडे दिला होता. ती कोल्हापूरची, पुण्यात शिकायला आहे, आणि शाळेत असताना पाच वर्षं मर्दानी खेळ शिकलेली. म्हणून मुद्दाम तिलाच दिला होता.

पहिल्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) तिने ‘बैठा’ घेतला. दुसऱ्या राउंडला तोच, तिसऱ्यालाही तोच. दुसरी लढाई सुरू झाली तरी तोच. तिच्या पात्राकडे आधीच चांगलं चिलखत होतं. गोष्टीतल्या लुटारूंचा वार तिला लागायला फाशावर १७ किंवा जास्त पडावे लागत होते, म्हणजे २० टक्के. ‘बैठा’ घेतल्यावर १९ लागायला लागले, म्हणजे १० टक्के. माझ्या कागदावर पाचांतला एक वार जात होता, इथे निम्मे जात होते. ज्याचं चिलखत जाड त्याला ते दोन जास्त लाभतात, हे गणित मला येत होतं आणि तरी मी ते तिच्या चिलखतासाठी मांडलं नव्हतं. शिवाय बोनस अ‍ॅक्शनमध्ये तिला एक जास्तीचा वार मिळायचा. पवित्रा बदलला की तो वार गेला. लढाई संपते चार राउंडांत, मग बदलायचं कशासाठी?

दीड तासाने तिने फासा खाली ठेवला. “मामा, मी कंटाळलो,” ती म्हणाली. (कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात.) “मला कुणी मारत नाही, आणि मी काही ठरवत पण नाही. नुसताच बसलोय.”

तिचं पात्र टेबलावरचं सगळ्यांत धडधाकट पात्र होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. माझ्या कामात पात्र हरलं तर चालतं, पण खेळणाऱ्याला ठरवायला काही उरलं नाही, तर तो दोष सर्वस्वी नियम लिहिणाऱ्याचा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या त्याच आवृत्तीतला बार्बेरियन नावाचा क्लास बेफाम वार करतो तेव्हा त्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांचे ७५ होतात. पण त्याच्या पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावर येणाऱ्या वारांनाही हीच सवलत मिळते. किंमत तिथल्या तिथे मोजावी लागते. मी हा नियम कितीतरी वेळा दुसऱ्यांना समजावून सांगितलाय. माझ्या ‘बैठ्या’ला मात्र किंमतच नव्हती.

“आणि पट्टा असा नसतोच,” भाची म्हणाली. ती उठली, खुर्च्या भिंतीला लावल्या, कोपऱ्यातला ड्रॉइंग पेपर घट्ट गुंडाळून हातात धरला. “पट्ट्याची मूठ म्हणजे खोबळा. हात कोपरापर्यंत आत जातो. मनगट वळतच नाही. तलवारीसारखं मनगटातून फिरवायला गेलास तर पट्टा अडतो.” तिने खांद्यापासून हात फिरवला. कागद उजवीकडून निघून तिच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे जाऊन थांबला, आणि त्याबरोबर डावा पाय मागे गेला. “आता मी इथं आहे. मला उजवीकडून परत मारता येणार नाही. आता मारायचं तर इथूनच.” कागद उलटा फिरला, पाय पुन्हा बदलले. हातातला कागद हलका होता, तरी फरशीवर तिच्या टाचांचा आवाज येत होता.

तिने तीन-चार वेळा करून दाखवलं. मी तिच्या हाताकडे पाहायचं सोडून पायांकडे पाहत राहिलो. ती पवित्रा घेऊन मग वार करत नव्हती. वार संपायचा तिथे पवित्रा तयार व्हायचा, आणि पुढचा वार कोणता हे तोच पवित्रा ठरवायचा. मी हे दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवले होते आणि मधल्या दारावर बोनस अ‍ॅक्शनचं तिकीट लावलं होतं.

चहा झाला आणि आम्ही तिथेच नवीन नियम लिहिला. पाचांचे तीन पवित्रे केले. ‘खुला’: हात बाहेरच्या बाजूला, शेजारी उभ्या दोन शत्रूंवर वार करता येतो, पण तुमचा आर्मर क्लास दोनने कमी. तो वार केला की तुम्ही आपोआप ‘मिटलेल्या’त येता: हात छातीवरून आडवा, आर्मर क्लास दोनने जास्त, पण वार एकावरच, आणि तो केला की पुन्हा ‘खुला’. ‘बैठ्या’त दोन्हींतून जाता येतं, पायावर वार करून समोरच्याला पाडता येतं, पण जागचं हलता येत नाही आणि वार केला की उठून ‘खुल्या’तच यावं लागतं. वार करत राहिलं की बचाव सलग दोन राउंड टिकत नाही. बोनस अ‍ॅक्शन लागत नाही. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा समोर ठेवायचा: उभा म्हणजे खुला, आडवा म्हणजे मिटलेला, पालथा म्हणजे बैठा.

हा पुठ्ठा मला नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, लिहिलेला पवित्रा फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असतो. पुठ्ठा सगळ्यांना दिसतो. दहा मिनिटांत गेम मास्टरने त्याच्याकडे बघून लुटारू हलवायला सुरुवात केली. पुठ्ठा आडवा असला की ते मागे सरायचे, उभा झाला की तुटून पडायचे. मग भाचीही मोजायला लागली, आणि जादूगार खेळणारा मित्र तिला विचारायला लागला, “पुढच्या राउंडला तू उघडी का?”

शेवटची लढाई पुलावर होती. जादूगार जखमी होऊन तिच्या मागे सरपटत होता, समोर दोन लुटारू, तिचा पुठ्ठा आडवा. वार केला तर एक पडला असता, पण ती उघडी पडून दुसरा आत शिरला असता.

“वार केलाच नाही तर?” तिने विचारलं.

नियमात याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “पट्ट्यात काय करतात?”

“नुसता फिरवत राहायचा. मारायचा नाही. मग जवळ कोण येत नाही.”

मी पेन्सिल तिच्याकडे दिली. तिने पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहिलं: ‘वार सोडला तर पवित्रा तसाच राहतो, आणि नकाशावरच्या शेजारच्या चौकोनात कुणी शिरू शकत नाही.’ मग पुठ्ठा होता तसा आडवा ठेवला आणि त्या राउंडला फासा उचललाच नाही. जादूगार पुलापलीकडे पोचला.