सारखं होतंय, म्हणजे हार्मोन्स बिघडलेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बायका हा प्रश्न मला आवाज खाली आणून विचारतात: “योनीत सारखं फंगल, म्हणजे बुरशीचं, इन्फेक्शन होतंय, हार्मोन्स बिघडलेत का?” आणि लगेच पुढे, “स्वच्छता पाळते हो मी.”

त्या दुसऱ्या वाक्याने मला वाईट वाटतं. हा अस्वच्छतेचा आजार नाहीच. कॅन्डिडा ही बुरशी कित्येक निरोगी बायकांच्या योनीत थोडीफार असतेच, आणि चारपैकी तिघींना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो. मीही घाबरून सुगंधी वॉशने आतून धूत राहिले. वर्षभर मनानेच बुरशीच्या गोळ्या घेतल्या. शेवटी डॉक्टरांनी स्राव तपासला, तर बुरशी नव्हतीच. बॅक्टेरियल व्हजायनोसिस होता, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडलं होतं. आतून धुण्याने त्याचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं. बुरशीत खाज जास्त, स्राव पांढरा, दही फुटल्यासारखा, फारसा वास नसलेला. व्हजायनोसिसमध्ये पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा. तरीही नुसत्या खुणांवरून चूक होते. माझी झालीच.

आता हार्मोन्स. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वाढलं की योनीच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक साठा, जमतो आणि बुरशीला खाद्य मिळतं. म्हणून गरोदरपणात त्रास वाढतो, काहींना गर्भनिरोधक गोळ्यांवर, काहींना पाळीच्या आधी. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं. तेव्हाची खाज बरेचदा कोरडेपणाची असते, तिला बुरशीचं मलम काय करणार? पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या हार्मोन्सच्या बिघाडात, मधुमेहाचा धोका वाढतो, आणि साखर चढलेली असली की बुरशीचं फावतं. म्हणून सारखं होत असेल तर आधी साखर तपासा, हे मी हट्टाने सांगते. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही होतं. अँटिबायोटिकनंतर तर पुष्कळ जणींना.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर स्रावाचं कल्चर (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायची तपासणी) करून घ्या. खरंच बुरशी निघाली तर डॉक्टर फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी आठवड्यातून एकदा, असं सहा महिने देतात. गरोदर असाल तर मात्र ही गोळी मनाने घेऊ नका. तेव्हा सात दिवसांचं मलम किंवा योनीत ठेवायची गोळी देतात.

नवऱ्यालाही औषध लागतं का, हेही विचारतात. हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार मानला जात नाही. त्याला खाज किंवा लाली असेल तरच.