बजेट ३५० : शॉर्ट ब्लॉक बांधून झाला, हेड्स सीसी करून झाले

मंडळी, माझ्या नोव्हा गाडीच्या ३५० इंजिनाचा शॉर्ट ब्लॉक (हेड्स सोडून खालचा भाग) एकदाचा बांधून झालाय, दोन्ही हेड्सचे (सिलिंडरवरची झाकणं) चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं त्या पोकळ्या, सीसीत मापून झालेत आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) डिग्री करून, म्हणजे क्रँकशी अंशात जुळवून, टायमिंग कव्हर बंद केलंय, म्हणून सविस्तर अपडेट टाकतोय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कमी पैशात क्लास रेसिंगचं इंजिन होतं का. होतं. फक्त पैसा कुठे घालायचा ते इथे वेगळं आहे, आणि आजचं सगळं लिखाण त्यावरच आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. गाडी १९७६ची शेव्हरोले नोव्हा, ३५० क्यूबिक इंच, फोर बॅरल कार्ब, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कारखान्याची रेटिंग १६५ एचपी. उतरायचंय एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ ट्रॅकवर दोन-दोन गाड्यांच्या शर्यतींची संघटना) स्टॉक एलिमिनेटरमध्ये, म्हणजे जवळपास कारखान्यासारख्याच गाड्यांच्या गटात, आणि आमचं जवळचं ट्रॅक म्हणजे ओहायोतलं नॉरवॉक (तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेला एका डॉलरात एक पौंड आइस्क्रीम मिळतं, त्यासाठी ते प्रसिद्ध आहे आणि ते खरंच खावं). स्टॉकमध्ये गाडीचं शिपिंग वेट (कारखान्यातून निघतानाचं वजन) भागिले इंजिनाची एचपी यावरून क्लास ठरतो, पण एचपी कारखान्याने सांगितलेली नाही तर एनएचआरएने लावलेली धरतात, आणि एखादं कॉम्बिनेशन (गाडी आणि इंजिनाची जोडी) फार वेगात पळायला लागलं की ती वाढवतात. म्हणजे शंभर घोडे जास्त काढून सगळ्यांना धूळ चारू असं इथे चालत नाही.

मग नियम काय? हेडचं कास्टिंग त्या वर्षाच्या त्या इंजिनाचंच हवं, पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं) अजिबात नाही, इनटेक मॅनिफोल्ड आणि कार्ब कारखान्याचं, कॅमचा लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) कारखान्याएवढाच पण ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) मोकळं, टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे तुकडे) मूळ हायड्रॉलिक असतील तर हायड्रॉलिकच. व्हॉल्व्ह स्प्रिंग कुठलीही चालते, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) कुठलेही चालतात, मागचे स्लिक (नक्षी नसलेले टायर) ९ इंचांपर्यंत. चेंबर किमान किती सीसी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) किती खाली, हे सगळं एनएचआरएच्या स्पेक शीटवर दिलेलं असतं आणि त्याच्या पलीकडे एक केसभरही जायचं नाही.

पुण्याच्या एका मित्राने विचारलं की रेस तर डायल-इनवर (आपण किती सेकंदात पळू ते आधी सांगायचं) होते, हँडिकॅप असतो म्हणजे हळू गाडी आधी सुटते, ब्रेकआउट झाला, म्हणजे सांगितल्यापेक्षा वेगात पळालं की बाद, मग पॉवर वाढवून उपयोग काय. प्रश्न बरोबर आहे. पण दोन गोष्टी असतात. क्वालिफाइंगमध्ये तुम्ही क्लासच्या इंडेक्सच्या (त्या क्लासला ठरवून दिलेली वेळ) किती खाली पळालात ते बघतात. आणि एलिमिनेशनमध्ये समोर नेमकी तुमच्याच क्लासची गाडी आली तर हँडिकॅप नाही, डायल-इन नाही, ब्रेकआउट नाही, दोघं एकदम सुटतात आणि जो आधी १३२० फूट (पाव मैल) गाठेल तो जिंकला. त्या एका रेससाठी लोक वर्षभर गॅरेजमध्ये राबतात, आणि मला विचाराल तर अख्ख्या ड्रॅग रेसिंगमध्ये यापेक्षा स्वच्छ शर्यत नाही.

आता बजेट. स्मॉल ब्लॉक शेवी १९५५ साली २६५ क्यूबिक इंचाचा आला, १९६७ला ३५० आलं, आणि २०११मध्ये जीएमने दहा कोटीवा स्मॉल ब्लॉक तयार केला, त्यामुळे अमेरिकेत या इंजिनाचे पार्ट्स पोत्याने मिळतात. माझ्या नोव्हाला ८८२ कास्टिंगचे हेड लागतात. स्ट्रीटवर गाडी पळवणारे हे हेड फुकट दिले तरी घेत नाहीत, चेंबर मोठा म्हणजे ७६ सीसी, पोर्ट साधे, वर तडे जायची ख्याती. पण मला तेच कायद्याने लागतात! त्यामुळे भंगाराच्या भावात जोड्या मिळाल्या, आणि मी एकाऐवजी तीन जोड्या घेऊन सगळ्या मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधणं) आणि प्रेशर टेस्ट करून घेतल्या, त्यातली एकच जोडी पूर्ण निरोगी निघाली. हे धरूनच बजेट करा, एका जोडीवर विसंबू नका.

ब्लॉकचंही तसंच. पहिला घेतला त्याला टॅपेट व्हॅलीत (सिलिंडरच्या दोन रांगांमधली खोलगट जागा) थंडीने गेलेला तडा होता, पाणी गोठलं की ब्लॉक तिथे फुटतो, आणि विकणाऱ्याने त्यावर छान रंग मारला होता. दुसरा घेताना व्हॅली घासून उघडी करून बघितली, मगच पैसे दिले. टू बोल्ट मेनचा आहे (क्रँक धरणाऱ्या प्रत्येक कॅपला दोन बोल्ट), माझ्या आरपीएमला तेवढं पुरतं, फोर बोल्टसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

पैसे गेले ते मशीन शॉपमध्ये, आणि तिथे हात आखडता घेतला नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच, होनिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणं) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून. हे का महत्त्वाचं ते सांगतो, कारण बरेच जण इथेच पैसे वाचवतात. हेड बोल्ट ६५ फूट-पौंडाला आवळले की बोल्टजवळचं लोखंड ओढलं जातं आणि गोल बोअर गोल राहत नाही, थाउ-दीड थाउ वाकडा होतो (भोसरी-चाकणवाल्यांसाठी, १ थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन). प्लेट न लावता होन केलं तर बेंचवर बोअर सुंदर दिसतो आणि हेड बसवल्यावर बिघडतो, रिंग मग अर्धवट टेकते. प्लेट त्याच गॅस्केटने त्याच टॉर्कला आवळून होन केलं की इंजिन बांधल्यावर बोअर गोल होतो. माझे मशीनिस्ट सत्तरीचे गृहस्थ आहेत, होनचे शेवटचे काही स्ट्रोक मारायच्या आधी ते ब्लॉक थंड होऊ देतात, मधल्या वेळात दुसरं काम करतात, घाई केलेली त्यांना चालत नाही. असा माणूस मिळाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

रिंग गॅप (पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) मी स्वतः फाइल केले. बोअरच्या दर इंचाला साडेचार थाउ धरले की ४.०३०ला १८ थाउ येतात, टॉप रिंग आठही सिलिंडरला तेवढ्यावर आणलीये. मेन बेअरिंगचा क्लिअरन्स (तेलासाठीची फट) अडीच थाउच्या आसपास, रॉड बेअरिंगचा दोन ते सव्वादोन. ऑइल पंप साधा स्टँडर्ड व्हॉल्यूमचा ठेवलाय. हाय व्हॉल्यूम पंप फिरवायला जी ताकद लागते ती क्रँकमधूनच जाते, क्लिअरन्स नीट असतील तर त्याची गरज नाही, लोक भीतीपोटी लावतात.

आता कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं), म्हणजे खरी गंमत. कारखान्याने कागदावर ८.५ लिहिलंय. माझं गणित असं : ४.०३० बोअर, ३.४८ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन व्यापतो ती जागा) ७२७ सीसी. चेंबर ७६, पिस्टन फ्लॅट टॉप पण व्हॉल्व्ह रिलीफचे (व्हॉल्व्हसाठीच्या खाचा) ६ सीसी, पिस्टन डेकच्या २५ थाउ खाली त्याचे ५.२, आणि नेहमीची ३९ थाउची गॅस्केट म्हणजे ८.४. बेरीज करून काढलं तर ८.६ येतं. तीच गॅस्केट काढून १५ थाउची स्टील शिम (पातळ पत्र्याची गॅस्केट) लावली तर ९.०५. बाकी एकही पार्ट बदललेला नाही! शिवाय पिस्टन आणि हेडमधली फट ६४ थाउवरून ४० थाउवर येते, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, आणि एवढी फट असली की मिश्रण नीट घुसळलं जातं, डेटोनेशनला (मिश्रण एकदम भडकून इंजिन ठोठावणं) तोंड द्यायची ताकद वाढते. याच्या फार खाली जायचं नाही कारण वरच्या आरपीएमला रॉड ताणतो, पिस्टन डुलतो, आणि मग तो हेडला लागतो. शिम गॅस्केटला डेक आणि हेड दोन्ही आरशासारखे सपाट लागतात, मऊ गॅस्केटसारखी ती खाचा झाकत नाही, म्हणून दोन्हीकडचं सरफेसिंग त्याच शॉपमध्ये एकाच बैठकीत करून घेतलं. अर्थात हे सगळं स्पेक शीटवर बसतंय का ते आधी तपासलं, गॅस्केट नंतर मागवली.

चेंबरचा हिशोब इथे असा की एक सीसी कमी झाला की कॉम्प्रेशन जवळपास ०.०९ ने वाढतं. आणि कारखान्याच्या कास्टिंगमध्ये आठही चेंबर सारखे कधीच नसतात, माझ्या हेड्समध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चेंबरमध्ये जवळजवळ दोन सीसींचा फरक होता. नियमात सगळ्यात लहान चेंबर किमान मापाच्या वर हवा, म्हणजे बाकीचे सात फुकट मोठे राहणार. चेंबर ग्राइंड करून सारखे करता येत नाहीत, ते बेकायदा. मग राहतं काय, तर व्हॉल्व्ह जॉब. लहान चेंबरमध्ये सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) किंचित खोल कापायची, मोठ्या चेंबरमध्ये जेमतेम साफ करायची, आठही एका रेषेत आले की सगळं हेड सरळ फेस करायचं (खालचा पृष्ठभाग तासायचा). सहा-सात थाउ काढले की एक सीसी जातो.

मापायची पद्धत लिहितो कारण इथेच सगळे गडबडतात. हेड उलटं, चेंबर वर. ज्या प्लगने पळणार तोच प्लग आवळून, व्हॉल्व्हच्या सीटवर ग्रीसचा पातळ हात. वर ॲक्रिलिकची जाड काच, तिला काठाजवळ एक भोक, काचेच्या कडेला चेंबरभोवती ग्रीस. हेड किंचित तिरकं ठेवायचं म्हणजे भोक सगळ्यात उंचावर येईल. १०० सीसीच्या ब्युरेटमधून निळं वायपरचं पाणी सोडायचं, शेवटी शेवटी थेंब-थेंब. प्लगच्या इलेक्ट्रोडजवळ एक बुडबुडा हमखास अडकतो, हेडला हलकेच टिचकी मारली की तो काचेखालून सरकत भोकाकडे येतो आणि फुटतो, आणि त्या एका बुडबुड्यात पाव सीसी असतो. ब्युरेट वाचताना पाण्याच्या वक्राचा तळ वाचायचा, डोळा समपातळीत. माझी लेक आकडा वाचते आणि मी न बघता वेगळा वाचतो, दोघांचा जुळला तरच वहीत. सीट कापून आणि फेस करून झाल्यावर आठही चेंबर आता ०.२ सीसीच्या आत आहेत, आणि सगळ्यात लहानसुद्धा किमान मापाच्या वर आहे. थोडी जागा मुद्दाम सोडलीये, टीअरडाउनला (इंजिन उघडून होणारी तपासणी) तांत्रिक अधिकाऱ्यांची ब्युरेट शेवटचा शब्द असते आणि त्यांच्या समोर मला निश्चिंत उभं राहायचंय.

कॅम. मूळ लिफ्ट इनटेकला ०.३९० इंच आणि एक्झॉस्टला ०.४१०, म्हणजे आजच्या हिशोबाने काहीच नाही. रॉकर (कॅमची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणारी तरफ) १.५ पटीचा, तेव्हा लोबवर (कॅमचा उंचवटा) ०.२६० आणि ०.२७३. उंची वाढवता येत नाही म्हणून स्टॉकचे कॅम ग्राइंडर लोबच रुंद करतात, व्हॉल्व्ह झटकन वर नेतात, तिथे धरून ठेवतात आणि झटकन खाली सोडतात. लोब हातात घेतला की टोकाला अंड्यासारखा निमुळता न वाटता चौकोनी वाटतो. त्यामुळेच स्प्रिंग दमदार लागते, नाहीतर टॅपेट लोबचा पाठलाग करू शकत नाही.

पण लिफ्ट तपासतात ती व्हॉल्व्हवर, आणि इथे स्टॅम्प केलेले जुने रॉकर येतात. सगळ्यांवर १.५च म्हणायचं पण प्रत्यक्षात एकाचा १.४५ भरतो तर दुसऱ्याचा दीडच्या वर. डबाभर जुने रॉकर घेऊन बसलो, प्रत्येक एकाच व्हॉल्व्हवर हलक्या चेकिंग स्प्रिंगने लावून डायल गेजने लिफ्ट घेतली आणि खडूने नंबर टाकला. जे जास्त भरले ते बाजूला, कारण ते लावले तर बेकायदा. जे कमी भरले तेही बाजूला, कारण लिफ्ट वाया. मर्यादेला लागून बसणारे सोळा निवडले. हे काम कंटाळवाणं आहे, खर्च मात्र जवळपास शून्य, आणि आठही सिलिंडर सारखं श्वास घेतात. माझ्या वजनाच्या गाडीला १३ सेकंदांच्या आसपास एक दशांश सेकंद कमी करायला साधारण ७ एचपी लागतात. ते ७ घोडे एका पार्टमध्ये विकत मिळत नाहीत, इथून अर्धा, तिथून एक असे गोळा करावे लागतात.

आतापर्यंतचा खर्च हजारात मांडायचा तर तीन हजार डॉलरच्या आत आहे, त्यातला निम्म्याहून जास्त मशीन शॉपला.

पुढचं काम क्वाड्राजेट, म्हणजे या गाडीचा फोर बॅरल कार्ब. पेट्रोलच्या खालच्या वेलचे (खळगे) प्लग या कार्बमध्ये गळतात, गाडी रात्रभर उभी राहिली की बाउल (कार्बमधली पेट्रोलची टाकी) रिकामा, म्हणून ते आधी इपॉक्सीने बंद करणार. मग सेकंडरीच्या (मागचे दोन मोठे बॅरल) एअर व्हॉल्व्हची स्प्रिंग, ती सैल असली तर सुटताना गाडी अडखळते, घट्ट असली तर मोठे बॅरल उशिरा उघडतात. ब्रेक-इनला (नवं इंजिन पहिल्यांदा चालवताना) झिंकवालं ऑइल, व्हॉल्व्हच्या आतल्या स्प्रिंग काढून ठेवलेल्या, आणि इंजिन पेटल्यापेटल्या थेट २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, फ्लॅट टॅपेटला आयडलवर सोडायचं नाही. त्यानंतर लीकडाउन (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मापणं) घेऊन आठही सिलिंडरचे आकडे इथे टाकतो. तोवर ओहायो-मिशिगन-इंडियाना भागात कुणाकडे क्वाड्राजेटचे जुने सेकंडरी रॉड (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया) आणि ते लटकवायचे हँगर पडून असतील तर कळवा, सगळे अक्षरी कोड चालतील, मी येऊन घेऊन जाईन.