मामांचा कॉम्प्युटर आणि 'येस'चं बटण

2025 च्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कराडला मामांकडे गेलो होतो, फराळ खायला म्हणून. हातात चकली घेतली आणि मामा म्हणाले, "तू आलायस तर बघ की जरा, कॉम्प्युटर लई स्लो झालाय." हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला माहितीय की पुढचे दोन दिवस गेले. आयटीत आहे म्हटलं की आपल्याकडे मिक्सर सोडून सगळं दुरुस्त करता येतं असा समज असतो, आणि खरं सांगायचं तर मामीने मिक्सर पण दाखवला.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. कॉम्प्युटर 2011 चा, विंडोज 7, 4 जीबी रॅम. ठेवलाय कुठे तर देवघराच्या शेजारी, वर मामीच्या जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर. म्हणजे बाहेरून धूळ नाही पण आत चौदा वर्षांच्या उदबत्तीची काजळी आणि पंख्याला गोधडीसारखा थर. कॅबिनेट उघडल्यावर खाली पालीची दोन अंडी निघाली, फुटलेली. रंगाचा जुना ब्रश घेऊन अंगणात बसलो, रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबरने घासले (हसू नका, हे खरंच चालतं, त्याआधी तो चालू होताना तीन वेळा बीप करून गप्प बसायचा आणि मामा बाजूला थाप मारायचे).

मग चालू केला तर तारीख 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा तो गोल सेल, 2032 नंबरचा, कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ सांभाळणारा, केव्हाच मेलेला. तारीख चुकली की ब्राउझरला वाटतं वेबसाइटची सर्टिफिकेटंच (साइट खरी असल्याचे दाखले) चुकीची आहेत आणि जिथे जाल तिथे 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही'. मामांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतात तसं रोज सकाळी चहाआधी तारीख आणि वेळ लावायची. किती वर्षं करताय म्हटलं तर म्हणाले, "झाली असतील तीन-चार." सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला, बसवायला मिनिट लागलं नाही. तीन-चार वर्षं रोज सकाळी!

आता आतली गंमत. ब्राउझर उघडला तर वरती तीन टूलबार एकाखाली एक, खरं पान उरलं होतं खिडकीच्या फटीएवढं. सर्च काहीही केलं तरी भलत्याच साइटवर जायचं. दोन अँटिव्हायरस होते, दोघांचीही ट्रायल संपलेली आणि दोघेही एकमेकांच्या उरावर बसलेले, त्यामुळे अर्धा प्रोसेसर त्यांच्यातच खर्च. आणि उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी लाल डबा, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 13 व्हायरस'. हा बऱ्याचदा व्हायरस नसतोच बरं का, कधीतरी कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलेलं असतं आणि आपण अलाउ म्हटलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन मोजल्या, 47 साइटना अलाउ दिलेलं. म्हटलं मामा, हे सगळ्यांना हो का म्हणालात?

"आरं, तो विचारतोय तर उत्तर नको का द्यायला?"

मी आधी हसलो. पण मग विचार केला की हा माणूस छत्तीस वर्षं वर्गात उभा राहिलाय, प्रश्न विचारला की उत्तर दिलंच पाहिजे हे दुसऱ्यांना शिकवण्यात आयुष्य गेलं. आणि समोरचा डबा इंग्रजीत विचारतो, 'येस'चं बटण मोठं निळं असतं आणि 'नो' कुठेतरी बारीक राखाडी अक्षरात लपवलेलं असतं. यात मामांचा बावळटपणा काय? डबा बनवणाऱ्याने त्यांच्या सभ्यपणावरच तर धंदा मांडलाय. आपण सराईत लोक न वाचता बंद करतो, ते बिचारे वाचून, चष्मा लावून, येस म्हणतात.

मामीने मग मधेच एक बॉम्ब टाकला. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका लाल पानावर फोन नंबर होता, कॉम्प्युटर लॉक झालाय, ताबडतोब फोन करा. मामांनी केला. पलीकडच्याने हिंदीत सर सर करत, मामांची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावलं, बँकेचं पासबुक जवळ घेऊन बसा म्हणाला, आणि तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगला एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा मनापासून हात जोडले. खऱ्या कंपनीच्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो हे त्यांना सांगितलं आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर लँडलाइनच्या शेजारी, गॅसवाल्याच्या नंबरखाली भिंतीवर लिहून दिला.

साफ करत बसायचं की नवीन टाकायचं, यावर मी फार वेळ घालवला नाही. विंडोज 7 चे अपडेट 14 जानेवारी 2020 लाच बंद झाले, क्रोमने पण 2023 मध्ये त्याला सोडलं, विंडोज 11 या मशीनवर बसत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट दिवाळीच्या आठवडाभर आधीच, 14 ऑक्टोबरला संपला. म्हणून 240 जीबीची एसएसडी (जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकायचं ठरवलं. मामांना लागतं काय तर लाईटबिल, सातबारा, यूट्यूबवर कीर्तन आणि टायपिंग.

टायपिंग म्हटल्यावर मामा जरा गप्प झाले. मग देवघराच्या खणातून एक कुंकवाची डबी काढली, आत पेनड्राइव्ह.

झालं असं होतं की मामांनी भावकीची वंशावळ टाइप केलेली. तीन वर्षं, गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांना विचारून. कॉम्प्युटरवर भरवसा नाही म्हणून सगळं पेनड्राइव्हवर. एक दिवस प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात नेला, घरी येऊन लावला तर आत फक्त एक शॉर्टकट. परत दुकानात नेला तर तिथला पोरगा म्हणाला करप्ट झालाय काका, फॉरमॅट मारावा लागेल. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं असावं. दोन वर्षं तो डबीत पडून होता आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही.

मी मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे मशीनमध्ये न बसवताच मिंट चालवता येतं) मशीन चालू केलं आणि मामांचा पेनड्राइव्ह लावला. आधी प्रॉपर्टीज बघितल्या: 16 जीबीपैकी 5 जीबी वापरलेली. शॉर्टकट तर 1 केबीचा असतो, मग बाकीचं काय आहे? हा तो जुना शॉर्टकट व्हायरस. तो फाईल खात नाही, एक फोल्डर बनवतो ज्याचं नाव म्हणजे नुसती एक कोरी जागा, सगळं त्यात ढकलतो, त्याला हिडन आणि सिस्टिमचा शिक्का मारतो आणि दारात शॉर्टकट उभा करतो. तुम्ही त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो. विंडोजला तो शिक्का दिसला की ते फोल्डर लपवतं, पण लिनक्स त्या शिक्क्याला विचारतच नाही. त्यामुळे स्क्रीनवर सरळ दिसलं, एक फोल्डर, खाली नावच नाही. बिननावाचं. उघडलं तर आत सगळं जागच्या जागी. 'भावकी_फायनल', 'भावकी_फायनल2', 'भावकी_खरी फायनल'.

मामा काही बोलले नाहीत. चष्मा काढून बंडीला पुसला आणि मामीला म्हणाले, चहा टाक.

अर्थात फाईल उघडल्यावर आत रोमन अक्षरांची नुसती भुरभुर होती, कारण सगळं जुन्या श्रीलिपीच्या फाँटात, युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी यासाठीच्या पद्धतीच्या) आधीचं प्रकरण. फाँट नसेल तर पणजोबांचं नाव पण तीन कंस आणि एक डॉलर दिसतं. कन्व्हर्टरमधून काढलं तर बरंचसं नीट आलं, जोडाक्षरं मात्र ठिकठिकाणी मोडलेली, ती मामा हाताने सुधारणार. मेनू मराठीत करून देतो म्हटलं तर दहा मिनिटं वापरून म्हणाले, "हे कळत नाय बाबा, इंग्रजीच बरं." यावर काय बोलणार.

निघताना एकच गोष्ट शिकवली. काहीही विचारलं, कळलं नाही, तर नो म्हणायचं. दोनदा वदवून घेतलं.

पंधरा दिवसांनी फोन. मशीन पळतंय, लाल डबे बंद, सगळं झकास. फक्त काल रात्री दोन तास बसून जोडाक्षरं सुधारली, बंद करताना त्याने काहीतरी विचारलं.

"काय विचारलं?"

"सेव्ह करू का म्हणत होता. मी 'डोन्ट'वालं दाबलं. तूच म्हणालास ना?"

किती गेलं म्हटलं तर म्हणाले जास्त नाही, चुलत आज्याची सासुरवाडी तेवढी गेली. येत्या रविवारी परत जातोय. मिक्सर पण राहिलाय.