थंडरबर्ड शॉर्टकटवरून उघडेना: कुठवर आलं काम

थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम. त्याचं ३२-बिट रूप काढून ६४-बिट टाकलं आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बंद पडला. डबल-क्लिक केलं की विंडोज म्हणे, मूळ फाइल हलवली किंवा बदलली आहे, शॉर्टकट पुसू का? इथे घाईने ‘हो’ म्हणू नका. त्या शॉर्टकटमध्येच निदान असतं.

राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, टार्गेटची ओळ वाचली. पत्ता अजून ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६’चाच. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम सहसा तिथे बसतात, ६४-बिटवाले शेजारच्या साध्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये. ज्यांनी प्रोफाइल, म्हणजे पत्रं आणि सेटिंग्जचा फोल्डर, दुसऱ्या ड्राइव्हवर हलवून शॉर्टकटमधूनच जोडलंय, त्यांचा तो पत्ताही याच ओळीच्या शेवटी असतो. शॉर्टकट पुसला की तोही गेला.

मग नव्या फोल्डरात जाऊन थेट ईएक्सईवर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फाइलवर, डबल-क्लिक केलं. लगेच उघडलं, म्हणजे प्रोग्रॅम ठणठणीत. पण समोर नवं खातं जोडायचा फॉर्म, जुनं एकही पत्र नाही! पोटात गोळाच आला. इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार जपलाय तो याच मशीनवर.

पत्रं कुठेही गेली नव्हती. आवृत्ती ६८ पासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतं. फोल्डर बदललं की त्याच्या लेखी ते इन्स्टॉलेशनच नवं. खात्री करायला ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं आत गेलो. तिथे दोन फोल्डर, नावं आठ अगम्य अक्षरांनी सुरू होणारी, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. आकार बघा. एक जेमतेम काही एमबीचं, दुसरं कित्येक जीबीचं, आणि त्याच्या पोटात ‘इनबॉक्स’ नावाची एक्स्टेन्शन नसलेली भलीमोठी फाइल. इनबॉक्सची सगळी पत्रं तिच्यात एकापाठोपाठ साध्या मजकुरात असतात. शेजारची एमएसएफ फाइल फक्त सूची, ती गेली तरी पुन्हा बनते. काहीही करण्याआधी तो मोठा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला, हे सर्वांत महत्त्वाचं.

नंतर थंडरबर्ड पूर्ण बंद केलं. खिडकी मिटली तरी प्रोसेस मागे रेंगाळू शकते, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये बघून घेतलं. विंडोज आणि आर दाबून थंडरबर्ड, एक जागा, डॅश आणि कॅपिटल पी टाइप केलं. प्रोफाइलची यादी आली, जुनं निवडलं, आणि सगळे फोल्डर जागच्या जागी! फार बरं वाटलं.

नव्या ईएक्सईवरून नवा शॉर्टकट केला, तो चालतोय. टास्कबारवर पिन केलेलं आयकॉन मात्र अजून जुनाच पत्ता धरून होतं, कारण पिन म्हणजे वेगळी शॉर्टकट फाइल असते. ते काढून परत पिन केलं.

आता ब्राउझरमधल्या ईमेल पत्त्यावर क्लिक केल्यावर कोणता प्रोग्रॅम उघडतो, ते डिफॉल्ट ॲप्समध्ये बघायचं राहिलंय.