आठाचा पाचवा आठ

टेबलावर नोटांची तीन पाकिटं होती. एकावर ‘मौल्यवान’, दुसऱ्यावर ‘शंका’ आणि तिसऱ्यावर ‘बँकेत भरणे’. बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या एका संग्राहकाच्या माघारी मुलीने आणि जावयाने ही वर्गवारी केली होती. मला बोलावलं होतं पहिल्या पाकिटासाठी. “काका, तेवढं एक बघा, बाकी आम्ही उरकतो,” असं मुलगी म्हणाली. अशा वेळी मी तिन्ही पाकिटं मागून घेतो. नोटांच्या संग्रहात घरच्यांची वर्गवारी बहुतेक वेळा उलटी निघते, आणि एकदा बँकेत भरलेली नोट परत मिळत नाही.

‘मौल्यवान’ पाकिटात १०० रुपयांच्या नऊ नोटा होत्या: सहा अंकी ११११११, मग २२२२२२, असं करत ९९९९९९ पर्यंत. संग्राहक याला सॉलिड नंबरांचा सेट म्हणतात. एका प्रीफिक्समध्ये, म्हणजे नंबराच्या आधी येणाऱ्या अंक-अक्षरांच्या एका जोडणीत, दहा लाख नोटा छापतात आणि त्यांत सॉलिड फक्त नऊ. लागोपाठच्या दोन सॉलिडमध्ये १,११,१११ नोटांचं अंतर असतं. १०० नोटांचं एक पॅकेट, १० पॅकेटांचं एक बंडल, म्हणजे मध्ये शंभरावर बंडलं. ही बंडलं एकाच बँकेत, एकाच शहरात येतील याची शाश्वती नसते. म्हणून नऊही नोटा एकाच प्रीफिक्सच्या असतील तर मला आनंदाआधी संशय येतो. इथे नऊ नोटांचे प्रीफिक्स नऊ वेगळे होते, छपाईची वर्षंही वेगळी. जुळवलेला सेट असाच दिसतो. सुरुवात चांगली होती.

तपासणीचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी नोट हातात न घेता दोन्ही नंबर पॅनेल वाचायची. नंबर दोन ठिकाणी असतो आणि दोन्हीकडे तोच हवा. मग इनसेट लेटर, म्हणजे नंबराच्या पॅनेलमधलं छोटं अक्षर. मग गव्हर्नरची सही आणि पाठीवरचं वर्ष यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. वर्ष २००५ पासून छापतात, त्याआधीच्या नोटेला सही आणि इनसेट यांवरूनच काळ लावावा लागतो. डी. सुब्बाराव यांची सही आणि पाठीवर २००७ असं दिसलं तर काहीतरी गडबड आहे, कारण ते गव्हर्नर झाले सप्टेंबर २००८ मध्ये. यानंतर भिंग, मग अल्ट्राव्हायोलेट दिवा, शेवटी उजेडासमोर धरणं.

नंबर, इनसेट आणि सही यांत नऊही नोटा पास झाल्या. तरी मी ८८८८८८ आधी बाजूला काढली. त्यामागे साधा हिशेब आहे. नंबर बदलणाऱ्याला शाई खरवडण्यापेक्षा शाई भरणं सोपं पडतं. शाई भरून ८ करता येतो तो ०, ३, ६ आणि ९ या चार अंकांचा. जागा सहा. म्हणजे एकच अंक बदलून ८८८८८८ करायला प्रत्येक प्रीफिक्समध्ये २४ नोटा कच्चा माल म्हणून उपलब्ध असतात. ७७७७७७ साठी १ ला आडवी रेघ जोडायची, तिथे सहाच नोटा चालतात. आणि ११११११ शाई भरून करताच येत नाही, कारण भर घालून कुठलाच अंक १ होत नाही. तिथे खरवडावंच लागतं, आणि खरवडलेला कागद उजेडासमोर पातळ दिसतो. म्हणून सेट तपासताना मी आठापासून सुरू करतो आणि एकावर संपवतो.

ही नोट २००९ सालची, सही सुब्बाराव यांची. कागद कडक, कोपरे टोकदार, एकही घडी नाही. दहापट भिंगाखाली पहिले चार आठ सारखे दिसले. नंबर लेटरप्रेसने उमटवतात, म्हणजे उंच अंक शाईसह कागदावर दाबला जातो. दाबामुळे शाई थोडी कडेला सरकते आणि अंकाभोवती गडद किनार तयार होते. त्यातच कागद किंचित दबतो. पाचव्या आठाच्या उजव्या बाजूला ही किनार व्यवस्थित होती. डाव्या बाजूच्या दोन्ही कमानींना मात्र ती नव्हती. तिथे शाई एकसारखी सपाट, आणि कडेला कागदाच्या तंतूंमध्ये किंचित पसरलेली. दुसऱ्या पॅनेलमध्येही पाचव्याच जागी तीच खूण. म्हणजे मूळ अंक ३.

दिवा लावल्यावर वादाला जागा उरली नाही. महात्मा गांधी मालिकेतल्या या नोटांवर नंबर प्रतिदीप्त शाईने छापलेले आहेत, दिव्याखाली ते चमकतात. इथे पाच आठ पूर्ण चमकले आणि पाचव्या जागी फक्त ३ चमकला. उरलेला भाग काळाच राहिला. जावई दिव्यावर ओणवे होऊन बराच वेळ पाहत होते. “पण कागद तर खरा आहे ना?” कागद खरा, वॉटरमार्क खरा, धागा खरा, दोन्ही बाजूंचे बाकीचे अंकही खरे. खोटं आहे ते दोन अर्धे अंक. अशा वेळी नोट मोजण्याचं मशीनही काही सांगत नाही, कारण ते नंबर हौशीने वाचत नाही.

२०१५ पासून नंबराचे अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातात. त्या नोटांवर हा उद्योग कठीण झाला, कारण शेजारच्या अंकाची नक्कल चालत नाही. प्रत्येक जागेचा आकार वेगळा. फॅन्सी नंबर जमवणारे या बदलावर नाराज असतात, वाढत्या अंकांत सॉलिड नंबर देखणा दिसत नाही म्हणतात. मला तो आवडतो.

बाकीच्या आठ नोटा स्वच्छ निघाल्या. फक्त ४४४४४४ दिव्याखाली निळसर पांढरी चमकली. नंबर नव्हे, अख्खा कागद. नोटेचा कापसाचा कागद दिव्याखाली मंद राहायला हवा. तो असा उजळला तर कुणीतरी नोट साबण पावडरने धुतली आहे, कारण पावडरमधली पांढरेपणा आणणारी द्रव्यं कागदात बसतात आणि निघत नाहीत. नंबर अस्सल, पण दर्जा घसरला. डाग असलेली नोट धुतलेल्या नोटेपेक्षा बरी, हे विकत घेणाऱ्याला कळतं. विकणाऱ्याला इस्त्री करण्याचा मोह आवरत नाही.

‘शंका’ पाकिटात १० आणि २० च्या अठरा नोटा होत्या, सगळ्या प्रीफिक्स आणि नंबर यांच्यामध्ये ताऱ्याची खूण (*) असलेल्या. ताऱ्याची नोट नकली असते ही अफवा २०२३ च्या जुलैत पसरली होती आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला होता. पॅकेटात छपाईत बिघडलेली नोट सापडली की तिच्या जागी ताऱ्याची नोट घालतात. ही पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. या नोटा चलनात वैध आहेत. संग्राहकाला यातून आणखी एक गोष्ट कळते: पॅकेटचा पहिला आणि शेवटचा नंबर पाहून आत अमुक नंबर असेलच असं धरता येत नाही. १२३४०१ ते १२३५०० चं पॅकेट मोठ्या आशेने घ्यावं, आणि नेमकी छप्पन्नावी नोट ताऱ्याची निघावी.

तिसरं पाकीट मी शेवटी उघडलं. वर ७८६ शेवटी असलेल्या बऱ्याच नोटा. शेवटी ७८६ येणाऱ्या नोटा प्रत्येक दहा लाखांत १,०००. श्रद्धेने जपणारे खूप, जास्त पैसे मोजणारे थोडे. ७८६७८६ एकच असते, ती यात नव्हती. काही नंबर तारखेसारखे वाचता येत होते, दिवस-महिना-वर्ष अशी दोन-दोन अंकांची जोडी. मुलीला म्हटलं, भरण्याआधी घरातल्या तारखांशी ताडून पाहा. दोन नोटा तिने तिथेच उचलून घेतल्या.

त्याखाली १० रुपयांची जुनी नोट, पाठीवर मोर, तेव्हाचे गव्हर्नर डॉ. मनमोहन सिंग यांची सही. ‘नंबर चुकलेला’ असा चिकटकागद मुलीनेच लावला होता, कारण अंक सात होते: १००००००. सहा अंकांत ९९९९९९ च्या पुढे जाता येत नाही आणि सहा शून्यांची नोट काढत नाहीत, म्हणून दहा लाखावी नोट सात अंकी येते. हा नंबर प्रीफिक्समागे एकच.

नोटेच्या डाव्या बाजूला पिनची दोन भोकं होती आणि भोवती गंजाचा तपकिरी वण. २००१ पर्यंत पॅकेटांना पिना मारत, पुढे कागदी पट्टी आली. दहा लाखावी नोट पॅकेटात सर्वांत खाली असते, त्यामुळे पिनेची वळलेली टोकं तिच्यावरच रुततात. भोकं नसलेली त्या काळातली अशी नोट समोर आली असती तर मी ती जास्त वेळ तपासली असती. भोकं बुजवून घ्यायची का, असं जावयांनी विचारलं. बुजवायची नाहीत, गंज खरवडायचा नाही. चिकटकागद मात्र मी सोडवला, फार हळू, कडेपासून नोटेला समांतर ओढत. नशिबाने गोंद फारसा मुरलेला नव्हता.

या वर्गवारीआधी नोटा मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये होत्या. त्या प्लॅस्टिकमधलं तेलकट द्रव्य सुटून शाईला लागतं. म्हणून परत त्यात न ठेवता सगळ्या पॉलिस्टरच्या पाकिटांत घातल्या, प्रत्येक पाकिटात एकच. पुण्यात एवढं पुरतं. घर कोकणात असतं तर सिलिका जेलही सांगितलं असतं आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघायला लावलं असतं. जाता जाता एवढंही सांगितलं, की रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन करून जुन्या नोटांचे लाखो देतो, आधी कमिशन भरा, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. रिझर्व्ह बँक असले व्यवहार करत नाही.

यादीत १०००००० ची नोट सर्वांत वर गेली. ८८८८८८ च्या रकान्यात लिहिलं: ‘दोन्ही पॅनेलांत पाचवा अंक बदललेला, मूळ नंबर ८८८८३८, संग्राहक मूल्य नाही, विकू नये.’ मुलीने ती परत सेटमध्येच ठेवली, सातनंतर नऊच्या आधी.