नवी सायकल जुनी करण्याविषयी

सायकल नेमकी कधी संपते, हे ठरवणे अवघड असते. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा निघतो आणि दोन-तीन पान्यांच्या जोरावर बदलता येतो. त्यामुळे एखादे काही निकामी झाले म्हणून सायकलच टाकून द्यावी, असा प्रसंग सहसा येतच नाही. टायर गुळगुळीत झाला की नवा घालतात, ब्रेकची रबरे झिजली की बदलतात, चाक औट झाले की आरे पिळून सरळ करून घेतात, आणि या किरकोळ कामांत गुंतलेल्या माणसाला आपली सायकल म्हातारी झाली आहे हे कळायला फार उशीर लागतो. माझी सायकल मोडून पडली नाही. तिने नवे भाग स्वीकारायचे नाकारले, आणि तिथे सगळे थांबले.

सुरुवात चेनपासून झाली. सायकलच्या चेनमधील एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ कड्या ताणून धरल्या तर पट्टीवर त्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. चेन वाढली असे आपण म्हणतो खरे, पण पोलाद काही ताणून लांब झालेले नसते. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग कणाकणाने झिजतो आणि त्या सगळ्या झिजेची बेरीज पट्टीवर दिसते. माझ्या चेनचे १२ इंच एक सूत पुढे सरकले होते, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण तेवढ्या वाढलेल्या चेनने इतकी वर्षे मागच्या फ्रीव्हीलचे दाते आपल्या मापाने खाल्ले होते, आणि तिच्या जागी नवी, बिनझिजेची चेन घातल्यावर ती त्या दात्यांवर बसेचना. जरा जोर लावला की पेडल एकदम रिकामे फिरून पाय खाली आपटे. मग फ्रीव्हील बदलावे लागणार, फ्रीव्हील बदलले तर पुढचे चक्र बदलावे लागणार, चक्राबरोबर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, येणार, आणि क्रँक काढला की आतल्या आसाचे व छर्‍यांचे खरे रूप उघड्यावर येणार, हे चेन बसवणाऱ्याने मला अत्यंत शांतपणे समजावून सांगितले. झिजलेल्या भागांचे आपापसांत जमलेले असते. त्यात एक नवा भाग आला की सगळ्यांचेच बिनसते.

मात्र या जमवून घेण्यात एक भाग माझाही होता, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले. डावा क्रँक आसाला जखडून ठेवणारी खीळ, म्हणजे कॉटर पिन, जराशी सैल असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात, पेडल माथ्यावरून पुढे येताना, खट् असा आवाज होई आणि क्रँक केसभर मागे सरके. त्यामुळे त्या क्षणापुरता डाव्या पायाचा जोर कमी करायची सवय मला आपोआप लागली होती. हँडल किंचित उजवीकडे वळवून धरले तरच सायकल सरळ जाई. मागचा ब्रेक नुसता नावाला होता, पुढचा अर्धा दाबेपर्यंत काहीच करीत नसे आणि नंतर एकदम धरी. हे सारे मला माहीत होते असेही म्हणता येणार नाही, कारण ते कधी डोक्यापर्यंत पोहोचलेच नव्हते; हातापायांनीच ते परस्पर मिटवून टाकले होते. घरातल्या दुसऱ्या कोणी सायकल नेली की "हिला ब्रेकच नाहीत" अशी तक्रार घेऊन परत येई, आणि मला ती निव्वळ कुरकुर वाटे.

नवी सायकल घ्यायची ठरल्यावर ती माउंटन बाइकच का, याचे पटण्याजोगे कारण मी स्वतःलाही देऊ शकलेलो नाही. मी डोंगरावर सायकल चालवीत नाही आणि चालवीन असा रंगही नाही. उखडलेल्या रस्त्यावर जाड टायर बरे, चढावर गिअर बरे, रुंद हँडलमुळे तोल चांगला सांभाळतो, ही सगळी कारणे खरी असली तरी साध्या, गिअर असलेल्या सायकलीनेही त्यांतली बहुतेक भागली असती. उरलेला भाग हौसेचा होता. जाड, काटेरी टायरवर उभी असलेली ती सायकल, आपण जिथे कधी जाणार नाही तिथेही जाता येईल असे सुचवीत असते, आणि या सुचवण्यालाच माणूस भुलतो.

तिचा इतिहास मी नंतर वाचला आणि मला मोठा दिलासा मिळाला, कारण माउंटन बाइकचा जन्मच मुळी जुन्या, टाकाऊ सायकलींतून झाला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीमधील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून काही तरुण सायकली पिटाळीत खाली येत असत. त्यांच्याजवळच्या सायकली १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या होत्या. वजनाला भरभक्कम, जाड फुगीर टायरच्या, कोणी अडगळीत टाकलेल्या. त्यांचा मागचा ब्रेक पेडल उलटे दाबून लागणारा असे आणि तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत असल्यामुळे उतारभर दाबून धरला की इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय सायकल पुढे चालत नसे. या कामावरूनच १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या उतारावरील शर्यतीचे नाव 'रीपॅक' पडले. मग कोणी जुन्या सांगाड्याला गिअर बसवले, कोणी मोटरसायकलच्या ब्रेकचे लिव्हर हँडलवर चढवले, आणि १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या तरुणाने मुद्दाम या कामासाठी नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये त्यांच्यातल्याच गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचा धंदा थाटला, १९८१ मध्ये त्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांची शर्यतही झाली. म्हणजे भंगारात निघालेल्या सायकलीला जे जोडता येईल ते जोडत गेल्याने ही जात तयार झाली आहे. दुकानातल्या चकाकणाऱ्या सायकलीकडे पाहून हे कोणाच्या मनातही येणार नाही.

गिअरचे मात्र खरोखर कौतुक करावेसे वाटते. माझ्या जुन्या सायकलीला पुढे ४८ दाते आणि मागे १८ होते. त्यामुळे पेडलचा एक पूर्ण फेरा झाला की ती पावणेसहा मीटरच्या आसपास पुढे जाई, मग रस्ता सपाट असो की चढाचा. चढ आला की उठून उभे राहायचे, आणि तेही पुरले नाही तर उतरून हातात धरायची, एवढेच दोन गिअर मला ठाऊक होते. नव्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३२ आणि मागे ५१ दाते आहेत. म्हणजे पेडल पूर्ण फिरले तरी चाकाचा एक फेरादेखील होत नाही आणि सायकल दीड मीटरही सरकत नाही. मिनिटाला साठ फेरे मारले, तर ताशी पाच किलोमीटरांच्या थोडे वर जाता येते, म्हणजे माणूस चालतो तितकेच. पाय भिंगरीसारखे फिरत आहेत, दम लागलेला नाही, आणि शेजारून चालणारे गृहस्थ बरोबरीने चालत आपल्याकडे कुतूहलाने पाहत आहेत, हा अनुभव पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखा करतो. पण त्याच चढावर मी पूर्वी सायकल ढकलीत नेत असे, हे त्या गृहस्थांना कुठे माहीत असते?

पुढच्या फोर्कमधल्या सस्पेन्शनविषयी माझे मत इतके चांगले नाही. दगडधोंड्यांच्या उतारावर त्याचे काम मोठे असेल, पण डांबरी चढावर उभे राहून पेडल मारू लागले की प्रत्येक जोराबरोबर पुढचा भाग खाली-वर हलतो आणि पायांची मेहनत त्या हलण्यात मुरते. म्हणूनच त्याला कुलूप लावायची एक कळ दिलेली असते, आणि मी ती बहुतेक वेळ लावूनच ठेवतो. रस्त्यावरचे बारीकसारीक हादरे खरे तर जाड टायरच पचवतो, मात्र त्यात हवा बेताची हवी. जुन्या टायरमध्ये अंगठा दाबून, आत जात नाही अशी खात्री झाली की हवा पुरे समजायची, हा माझा नियम; इथे ती ३० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला तीस पौंड दाबाच्या) आसपास राखायची, म्हणजे अंगठ्याला टायर चांगला मऊ लागतो. हवा कमी आहे असे वाटून पंपाकडे जाणारा हात मला अजूनही आवरावा लागतो.

हातांची आणखी एक सवय डिस्क ब्रेकने मोडली. नवे पॅड आणि नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने धरीत नाहीत. बऱ्यापैकी वेग घ्यायचा, चाक जाम होऊ न देता ब्रेक दाबून तो उतरवायचा, असे पुन्हापुन्हा केल्यावर पॅडचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग एका बोटाने सायकल थांबते. माझी बोटे तोवर जुन्याच हिशेबाने लिव्हर चारही मिळून आवळीत होती, घर बदलल्यावर अंधारात दिव्याचे बटण जुन्याच जागी चाचपडावे तशी. आणि तेल! जे जे कुरकुरेल त्याच्यावर तेलाचा थेंब सोडणे हेच ज्याचे सायकलशास्त्र, त्याला डिस्कवर तेलाचा थेंब पडला तर पॅड बाद होतात हे ऐकून धक्का बसणारच. आता चेनला तेल देताना मी डिस्कवर आधी फडके झाकतो आणि तेल दिल्यावर चेन दुसऱ्या फडक्याने पुसून घेतो.

एवढे सगळे असलेल्या या सायकलीला मडगार्ड नव्हते, स्टँड नव्हता, चेनकव्हर नव्हते, कॅरिअर नव्हता आणि घंटीही नव्हती. डोंगरावर या गोष्टी खुळखुळतात, अडकतात, वजन वाढवतात, हे समजण्यासारखे आहे. पण पहिल्या पावसात मागच्या काटेरी टायरने माझ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा ओढला, तेव्हा डोंगराची बाजू घेणे मला जड गेले. मडगार्ड आधी आले. मग स्टँड, कारण उभी करायला प्रत्येक वेळी भिंत शोधण्यात अर्थ नव्हता. डाव्या बाजूच्या ब्रेकला न लागणारा स्टँड शोधताना बरीच खटपट झाली. घंटी जुन्या सायकलीची काढून लावली. मधल्या काळात हँडलचा मधला भाग जाड झाला असला, तरी मुठीजवळची नळी अजूनही २२.२ मिलिमीटरांचीच, म्हणजे जुन्या हिशेबाने पाऊण इंच एक सूत आहे, त्यामुळे घंटी तिथे चपखल बसली. पेडलचे आटेही तेच निघाले. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, तेही तसेच. चेनकव्हर मात्र कुठलेही बसेना, म्हणून उजव्या पायाची पॅन्ट मी अजून मोज्यात खोचतो.

कॅरिअरच्या वेळी मात्र एका मित्राने हरकत घेतली. तो सायकलींतला जाणकार आहे आणि त्याच्या स्वतःच्या सायकलीवर एक ग्रॅमही जास्तीचा नाही. "अरे, माउंटन बाइकला कोणी कॅरिअर लावतं का? शोभा करतोयस तिची," तो म्हणाला. शोभेचा मुद्दा मला मान्य होता, पण पिशवी हँडलला अडकवली की ती पुढच्या चाकाकडे झुकते, हेही त्याने मान्य करावे असे मी त्याला म्हटले. शेवटी, डोंगरावर जायच्या दिवशी काढून ठेवीन, चार तर बोल्ट आहेत, असे आश्वासन देऊन मी कॅरिअर बसवून घेतला. त्या बोल्टांना आता गंज चढला आहे, आणि त्यांतल्या एकाचा माथा मडगार्डच्या काडीखाली असा काही गेला आहे की तिथे पाना शिरत नाही.