पहिल्या खेपेला किती किट्स करू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मालवणात प्रदर्शनात स्टॉल लावला की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन हेच विचारतं: "ताई, मलाही असंच काहीतरी सुरू करायचंय. पहिल्यांदा किती बनवू? किती खपतील ते आधी कळतं कसं?" कोणाच्या डोक्यात करवंटीच्या दागिन्यांचं किट असतं, कोणाच्या गंजिफाचे गोल पत्ते रंगवायचं. मी उलांडीच्या, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेल्या, छोट्या होडीचं विकते. प्लायचे कापलेले तुकडे, डोलकाठी, शिडाचं कापड, दोरा, गोंद, पॉलिशपेपर आणि कृतीचा कागद, एवढं सगळं एका डब्यात.

तर, आधी कळत नाही. अंदाज बांधता येतो, फक्त तो कौतुकावरून बांधू नका.

आपल्याकडे कौतुकाला तोटा नाही. नमुना दाखवला की शेजारीण म्हणणार, "बरा झाला हां! माका एक ठेव." मुंबईचा मावसभाऊ फोनवरच पाच सांगून मोकळा होतो. खोटं कोणीच बोलत नाही, पण 'ठेव' म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणून मी तिथल्या तिथे वही काढते. "ठेवते की. शंभर रुपये देऊन ठेव, नाव लिहिते." नात्यात असं मागताना जीभ अडखळते, मान्य आहे. तरी मागायचं. ज्याने शंभर काढून दिले ते गिऱ्हाईक. "पैशे मागीर देतंय" म्हणणाऱ्यांची नावं वेगळ्या पानावर जातात आणि ते पान मी हिशेबात धरत नाही.

आता आगाऊवाल्या पानावरही फार विसंबू नका. दहा जणांना दाखवलंत, तिघांनी पैसे दिले, की लगेच शंभरात तीस असं गणित मनात सुरू होतं. संख्याशास्त्र विचाराल तर दहात तीन या एवढ्याशा पुराव्यावरून खरं प्रमाण शेकडा ७ पासून ६५ पर्यंत कुठेही असू शकतं. शंभर जणांना दाखवून तिसांनी पैसे दिले तर ते साधारण २१ ते ४० मध्ये येतं. शिवाय पहिले दहा बहुतेक आपलेच असतात, त्यामुळे त्यांचा होकार आधीच फुगलेला. तारकर्लीला उतरलेल्या, तुमचं नावगाव ठाऊक नसलेल्या पाहुण्याने पाकीट काढलं, तर ते माझ्या लेखी चार नातेवाइकांच्या बरोबरीचं.

गंमत म्हणजे पहिल्या खेपेचा आकडा पुष्कळदा गिऱ्हाईक ठरवतच नाही, छापखाना ठरवतो. रंगीत छापील खोके ऑफसेटवर करायचे तर प्लेटचा खर्च अंगावर येतो आणि थोडे छापणं परवडत नाही. मग खोके पाचशे झाले म्हणून किट्स पाचशे करायची! त्यापेक्षा साधं खाकी खोकं घ्या आणि वर डिजिटल प्रिंटचं स्टिकर लावा. लेझर कटिंगचं तसं नाही. तिथे पैसे मशीन चालेल त्या वेळेचे आणि प्लायचे, त्यामुळे आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये जितक्या होड्या बसतील तितक्याच कापून आणता येतात.

मग साधी वजाबाकी करा. समजा डिझाइन, नमुने, फोटो यात १२,००० रुपये गेले, आणि सामान, पॅकिंग, दुकानदाराचं कमिशन जाऊन एका किटमागे २०० उरतात. म्हणजे ६० किट्स गेली की घातलेले पैसे सुटले. 'किती खपतील?' याला उत्तर नाही, पण 'साठ माणसं कुठे भेटतील?' याला आहे. ती कोणत्या महिन्यात भेटतील, हेही बघावं लागतं.

कोकणात तर ते फारच बघावं लागतं. मे महिना, गणपती आणि डिसेंबर, माझी विक्री या तीन वेळी होते. गणपतीत घरं पोरांनी भरलेली असतात, पण चाकरमानी आरत्या आणि पाहुण्यांत गुंतलेला. त्याचा हात खिशात जातो तो परतीच्या आदल्या दिवशी. मे महिन्यात उरलेला माल मात्र नुसता अडकून पडत नाही, खराब होतो. जूनपासून दमट हवेत पातळ प्लाय वाकतं, शिडाच्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात, गोंदाच्या बाटलीचं तोंड चिकटून बसतं. सिलिका जेलच्या पुड्या काही आठवडे आधार देतात, चार महिने नाही. म्हणून मे महिन्यासाठी मी आकडा मुद्दाम कमी धरते. शेवटच्या आठवड्यात चार जण रिकाम्या हाताने गेलेले मला चालतात. ऑक्टोबरमध्ये वाकडी नाळ, म्हणजे होडीचं वाकलेलं पुढचं टोक, घरोघरी पाठवणं चालत नाही.

एक गोष्ट बरेच जण विचारायचं विसरतात. किट मुलांसाठी की मोठ्यांसाठी? १४ वर्षांखालच्या मुलांचं खेळणं म्हणून विकायचं तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या मालाला सूट आहे, पण लेझरवर कापून आणलेलं प्लाय त्यात बसतं का, ते आधी विचारून घ्या. मी मोठ्यांसाठी विकते. त्यामुळे स्टॉलपुढे थांबलेल्या मुलांची गर्दी मी मोजत नाही, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आजोबांना मोजते.

आणि दुकानात दिलेला माल विकला गेला असं धरू नका. परतीच्या बोलीवर दुकानदार पंचवीस किट्सही आनंदाने ठेवून घेतो, त्याचं काय जातं? मी पाच देते. ती संपून "अजून दहा पाठवा" असा त्याचा स्वतःहून फोन आला, की पुढची शीट कापायला टाकते.